शाळा बंद असतानाही लेकरांचे नाक का गळत राहिले?

पाटीपेन्सिल (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. बरीच वर्षे मनात राहिलेला एक प्रश्न आज येथे मांडते आहे, कारण या पावसाळ्यात पालक मला तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत आहेत आणि मला त्याचे नीट उत्तर देता येत नाही.

मार्च 2020 च्या मध्यात आमची शाळा बंद झाली. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग 1 डिसेंबर 2021 रोजी उघडले आणि जानेवारी 2022 मध्ये पुन्हा काही दिवस बंद राहिले. जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने दुसरीचे निम्मे वर्ष सरेपर्यंत वर्गाची फरशी पाहिली नव्हती. या काळात मी स्वाध्यायाचे कागद घेऊन घरोघरी जात असे आणि जमेल तेव्हा मारुतीच्या पारावर चार-पाच मुलांना अंतर ठेवून बसवत असे. दरवर्षी पोळ्याच्या सुमारास वर्गात तापाची जी साथ येते आणि आठवडाभर निम्मे बाक रिकामे दिसतात, ती 2020 च्या पोळ्याला आमच्या गावात मला दिसली नाही. सणकून ताप नाही, अंगदुखी नाही, पंधरा दिवस न हटणारा खोकलाही नाही. शेंबूड मात्र होता, आणि तो बाराही महिने होता.

एक घर अजून डोळ्यांसमोर आहे. तिसरीतली मुलगी, तिच्या कडेवर आठ-नऊ महिन्यांचा भाऊ. ती फ्रॉकच्या घेराने त्याचे नाक पुसायची, त्याच हाताने माझ्याकडून खडू घ्यायची, लिहून झाले की तो शेजारच्या मैत्रिणीला द्यायची आणि मैत्रीण तो ओठांत धरून विचार करत बसायची. ओसरीवर आजी भात कुस्करून, फुंकर घालून निववून नातवाला भरवत होती आणि त्याने नाकारलेला घास स्वतःच्या तोंडात टाकत होती. सगळ्यांचे मास्क गळ्यात होते. मी माझ्या पिशवीतले सॅनिटायझर प्रत्येकाच्या तळहातावर थेंब थेंब टाकत होते. पुढच्या खेपेला गेले तेव्हा दोघींची आणि त्या बाळाचीही नाके वाहत होती.

शाळा बंद, बाजार बंद, लग्ने बंद, तरी सर्दी कुठून येत होती? आणि तीच सर्दी टिकली तर तापाची साथ का गेली? शाळा उघडल्यानंतर अंगणवाडीच्या वयाची लेकरे एकामागून एक दम लागून आजारी पडली, त्याचा या सगळ्याशी संबंध आहे का? जाणत्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

पऱ्हाटी (दिग्रसजवळ)

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी डॉक्टर नसूनही देऊ शकतो, कारण ते आम्ही जगलो आहोत. आमच्या गावाने एप्रिल 2020 मध्ये रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आणि एक जुनी बैलबंडी आडवी टाकली होती. पुण्या-मुंबईहून परतलेल्या माणसांना चौदा दिवस शाळेच्या खोल्यांत ठेवले. बाहेरच्या माणसासाठी गाव खरोखरच बंद होते, परंतु बंदी वेशीवर होती, वेशीच्या आत नव्हती. डवरण, निंदण, खत देणे यांतले काहीही थांबले नाही. दिवाळीनंतर कापूस वेचणीला एकाच मालवाहू गाडीत पंधरा-वीस बाया आणि त्यांची लेकरे दाटीने बसून जात होती. अंगणवाडी बंद असल्यामुळे लेकरू घरी ठेवणार तरी कोणाजवळ? धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधायची आणि त्याच झोळीत तीन घरांची लेकरे पाळीपाळीने झोपवायची, हे मी माझ्या वावरात रोज पाहत होतो.

पिंपळपार (ग्रामीण रुग्णालयात बालरुग्ण पाहतो, अकोला जिल्हा)

मॅडम, आपण पारावर जे पाहिले आणि भाऊंनी वावरात जे पाहिले, तेच त्या दोन वर्षांत जगातल्या अनेक ठिकाणी नोंदले गेले. थोडे लांबीने लिहितो.

सर्दी-खोकला हा एक आजार नाही. तो घडवणारे विषाणू अनेक आहेत आणि त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. फ्लूचा विषाणू, लहान बाळांना दम लावणारा आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएन्झा, मेटान्यूमोव्हायरस आणि मुलांमध्ये पूर्वीपासून फिरणारे चार साधे कोरोना विषाणू, या सर्वांच्या कणाभोवती स्निग्ध पदार्थाचे एक पातळ आवरण असते. साबण आणि अल्कोहोल ते आवरण फोडतात आणि विषाणू निकामी होतो. वाहत्या नाकाचा सर्वांत मोठा कारभारी ऱ्हायनोव्हायरस आणि त्याच्या जोडीचा ॲडिनोव्हायरस यांना असे आवरणच नसते. त्यामुळे सॅनिटायझरचा त्यांच्यावर परिणाम बराच कमी होतो. साबणाने चोळून वाहत्या पाण्याखाली हात धुतले तर हे विषाणू पाण्याबरोबर निघून जातात, म्हणून त्यांच्यासाठी बाटलीपेक्षा नळ अधिक उपयोगी आहे. शेंबडाने माखलेल्या तळहातावर सॅनिटायझरचे चार थेंब टाकल्याने फारसे साधत नाही. यात आपली काही चूक नव्हती, त्या वेळी सर्वांना तेच सांगितले जात होते.

परंतु केवळ आवरणाने सगळा उलगडा होत नाही. विषाणूला गावापर्यंत कोण आणतो, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. फ्लू एका गावात वर्षभर मुक्काम करत नाही. तो येतो, काही आठवडे धुमाकूळ घालतो आणि निघून जातो. पुढच्या वर्षी तो पुन्हा बाहेरूनच यावा लागतो, बहुतेक वेळा दूरच्या प्रदेशातून, प्रवाशांबरोबर. भारतातील नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा 23 मार्च 2020 पासून 27 मार्च 2022 पर्यंत स्थगित होती आणि सुरुवातीचे काही महिने रेल्वे व एसटीही जवळपास थांबली होती. फ्लूची ये-जा तुटली ती तिथे. 2020 च्या एप्रिल ते जुलै या काळात, म्हणजे दक्षिण गोलार्धात ऐन हिवाळ्यात, ऑस्ट्रेलिया, चिली आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांत मिळून फ्लूसाठी 83,307 नमुने तपासले गेले आणि त्यांतील फक्त 51 नमुन्यांत फ्लू सापडला. फ्लूची बी-यामागाता नावाची एक संपूर्ण शाखा मार्च 2020 नंतर जगात कुठेही खात्रीने आढळलेली नाही. ती नाहीशी झाली असे धरून जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये तिला लसीतून वगळण्याचा सल्ला दिला. आपल्या गावातली पोळ्याची साथ त्या वर्षी का आली नाही, याचे उत्तर मला यात दिसते.

ऱ्हायनोव्हायरसला विमानाची गरज नसते. त्याचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत. एका प्रकाराची सर्दी होऊन गेली तरी दुसऱ्या प्रकारापासून फारसे संरक्षण मिळत नाही. तो बाराही महिने फिरतो, अनेक मुलांच्या नाकात काहीही लक्षण न दाखवता राहतो, आणि ज्यांचे नाक वाहून थांबले आहे त्यांच्याकडूनही काही दिवस बाहेर पडत राहतो. त्याला एक कडेवरचे लेकरू, एक झोळी आणि एक खडू पुरतो.

हाँगकाँगमधील अनुभव शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावा. तेथे 2020 च्या सप्टेंबरअखेरीपासून शाळा उघडल्या. मास्क सक्तीचे होते, बाकांत अंतर होते, डबा एकत्र खाण्यावर निर्बंध होते. तरीही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शाळांत आणि बालवाड्यांत सर्दीचे मोठे उद्रेक झाले. नमुन्यांत प्रामुख्याने ऱ्हायनोव्हायरस सापडला आणि शाळा पुन्हा बंद कराव्या लागल्या. त्याच सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे शाळा सुरू झाल्यावर काही दिवसांत ऱ्हायनोव्हायरस वाढलेला दिसला. फ्लू मात्र दोन्हीकडे डोके वर काढत नव्हता.

वाघाडीकाठ

डॉक्टरसाहेब, माहिती उत्तम आहे, परंतु मग याचा अर्थ सरळ आहे असे मला वाटते. मास्कने सर्दी थांबली नाही, म्हणजे मास्कचा उपयोग नव्हता. उलट दोन वर्षे लेकरांना कोंडून ठेवल्यामुळे त्यांची प्रतिकारशक्ती खचली. माझा भाचा 2020 च्या मे महिन्यात जन्मला. पावणेदोन वर्षे त्याला साधा खोकलाही नव्हता आणि अंगणवाडी सुरू होताच महिन्याभरात दोनदा दवाखान्यात भरती करावा लागला. बहिणीने त्या पंधरा दिवसांत मजुरी गमावली आणि कर्ज काढले. हे दुखणे त्या बंदीनेच दिले, असे आमच्या घरात आजही सगळे म्हणतात.

पिंपळपार

भाऊ, तुमच्या बहिणीच्या घरावर जे आले ते खरे आहे आणि तशी लेकरे मी त्या काळात रोज तपासत होतो, म्हणून तुमचे म्हणणे मी हलक्याने घेत नाही. तरी त्यातल्या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील.

मास्कविषयी आधी. हाँगकाँगमध्येच आजारी माणसांच्या उच्छ्वासातले विषाणू प्रत्यक्ष मोजण्याचा एक अभ्यास झाला होता आणि तो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरतात तसला मास्क लावल्यावर साधे कोरोना विषाणू आणि फ्लूचा विषाणू बाहेर पडण्याचे प्रमाण कमी झाले, ऱ्हायनोव्हायरसच्या बाबतीत मात्र तसा स्पष्ट फरक दिसला नाही. त्यामुळे वाहणारे नाक पाहून मास्क निरुपयोगी ठरवणे म्हणजे चाळणीतून वाळू गळाली म्हणून तिने गोटेही अडवले नाहीत असे म्हणण्यासारखे आहे. शिवाय पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क लावू नये, असे केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून 2021 मध्ये स्पष्ट सांगितले होते. म्हणजे ज्या वयात नाक सर्वाधिक वाहते, त्या वयाला मास्क नव्हताच.

आता प्रतिकारशक्ती. ती खचली नव्हती, तिची काही विषाणूंशी ओळख व्हायची राहिली होती. हा फरक शब्दांचा नाही. एरवी जवळपास प्रत्येक मूल दोन वर्षांचे होईपर्यंत आरएसव्हीला एकदा तरी सामोरे जाते. दरवर्षी नवी बाळे थोडी थोडी करून ती पायरी ओलांडतात. दोन पावसाळे आरएसव्ही फिरलाच नाही, किंवा फार कमी फिरला, तर त्या दोन वर्षांत जन्मलेली सगळी बाळे त्या पायरीच्या अलीकडे एकत्र उभी राहतात. त्यांच्या आयांनाही त्या काळात विषाणू भेटलेला नसल्यामुळे पोटातून बाळाला मिळणारे संरक्षण थोडे कमी पडते. मग दार उघडले की एकाच वेळी गर्दी होते. तुमच्या भाच्याला त्याच्या पहिल्या वर्षी जे व्हायचे ते दुसऱ्या वर्षी झाले, आणि त्याच्याबरोबर गावातल्या पुष्कळांना झाल्यामुळे ते अधिक भयंकर दिसले.

पश्चिम ऑस्ट्रेलियात हे फार स्वच्छ दिसले. तेथे 2020 च्या हिवाळ्यात शाळा पुन्हा उघडलेल्या होत्या, राज्याच्या सीमा मात्र बंद होत्या. त्या हिवाळ्यात मुलांमधील आरएसव्ही नेहमीच्या तुलनेत 98 टक्क्यांनी घटला. शाळा उघडी असूनही तो आला नाही, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. पुढे वर्षाच्या अखेरीस, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, त्याची मोठी लाट आली आणि त्या लाटेतली मुले नेहमीपेक्षा वयाने मोठी होती. न्यूझीलंडमध्ये 2021 च्या जुलैमध्ये बालविभाग अशाच लाटेने भरून गेले. अमेरिकेत हिवाळ्याचा आजार 2021 च्या उन्हाळ्यात पसरला. जिथे जिथे दार उघडले तिथे हेच घडले, लेकरे कोंडलेली असोत वा मोकळी खेळणारी असोत. आपल्या गावातली लेकरे तर कोंडलेली नव्हतीच, ती वावरात आणि पारावर होती. त्यांची ऱ्हायनोव्हायरसशी गाठ रोज पडत होती, तरी त्यामुळे आरएसव्हीपासून संरक्षण मिळाले नाही. एकाची ओळख दुसऱ्याच्या कामी येत नाही.

वाघाडीकाठ

समजले. म्हणजे भाच्याच्या अंगात काही उणे राहिलेले नाही, हे मी बहिणीला सांगू शकतो. तिच्या मनाला ते फार लागून आहे.

पिंपळपार

अवश्य सांगा.

गटप्रवर्तक_धारणी

या चर्चेत मेळघाटातले थोडे सांगते. आमच्याकडे सर्दी ही सर्दीपाशी थांबत नाही. लेकरू आधीच वजनाला कमी असते, घरात चुलीचा धूर कोंडलेला असतो आणि पाड्यापासून प्राथमिक आरोग्य केंद्र दूर असते. दोन वर्षांखालच्या बालकांमध्ये आरएसव्ही किती जीव घेतो याचा अभ्यास महामारीच्या आधीच मेळघाटातल्या गावांमध्ये झालेला आहे, म्हणजे हा आजार आमच्यासाठी नवा नव्हता.

सप्टेंबर 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली तेव्हा आमच्या आशाताई ताप मोजण्याची बंदूक आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी गेल्या. मोठ्यांसाठी ते चांगले होते. तान्ह्या बाळाच्या बोटाला मात्र तो चिमटा नीट बसतच नाही, आकडा नाचत राहतो आणि आई घाबरते. म्हणून मी आमच्या ताईंना सांगितले की, यंत्र बाजूला ठेवा आणि आपले जुने शिक्षण आठवा. लेकरू शांत असताना, शक्यतो झोपलेले असताना, अंगावरचा झबला वर करायचा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजायची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक भरले, तर ती साधी सर्दी नाही. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, लेकरू पीत नसेल, सुस्त पडले असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसायचे नाही, गाडी बोलवायची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले आणि त्यामुळे बालमृत्यू घटले, हे 1990 मध्येच प्रसिद्ध झालेले आहे. श्वास मोजणे ही आपल्या विदर्भाच्या मातीत सिद्ध झालेली विद्या आहे.

एक प्रसंग सांगते. त्या काळात एका पाड्यावर आईने मला हाक मारून सांगितले, “ताई, पोराचं पोट उडून राह्यलं.” आजी चुलीत सळई तापवत बसली होती. पोट फुगले किंवा उडाले की पोटाला डंबा, म्हणजे तापल्या सळईचे चटके, देण्याची प्रथा आमच्याकडे अजून पूर्ण गेलेली नाही. मी आजीच्या हातात घड्याळ दिले आणि म्हटले, “माय, तू काटा पाहा, मी श्वास मोजते.” मिनिटाला 64 भरले. आजीने सळई स्वतःच बाहेर काढून ठेवली. रुग्णवाहिकेला तीन तास लागले, लेकरू वाचले. डंबा दिला असता तर त्याच्या अंगावर जखमही झाली असती आणि तेवढा वेळही गेला असता.

पाटीपेन्सिल

ताई, तुमचे लिखाण वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. तुम्ही दिलेले तीन आकडे मी उद्याच वर्गाबाहेरच्या फलकावर लिहिणार आहे.

माझी अडचण मात्र अजून बाकी आहे. नाक वाहते म्हणून मुलाला घरी पाठवावे, तर वेचणीच्या दिवसांत घरी कोणी नसते. मूल वावरात जाते किंवा धाकट्याला सांभाळत बसते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून असे दिसते की, ते घरी गेल्याने तान्ह्या बाळाचा धोका वाढतोच. मग शाळेने करावे तरी काय?

पिंपळपार

मॅडम, ताप नसेल आणि मूल खेळत-खात असेल, तर नुसत्या वाहत्या नाकासाठी त्याला घरी पाठवू नये असे माझे मत आहे. ताप असेल, अंग मोडून आले असेल किंवा धाप लागत असेल तर घरी ठेवावे. वर्गातल्या ऱ्हायनोव्हायरसपेक्षा मला त्याच्या घरातल्या झोळीची काळजी अधिक वाटते.

याबाबत अमेरिकेतील एक जुना अभ्यास मी दर पावसाळ्यात परिचारिकांना सांगतो. 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आरएसव्ही झालेल्या बाळांजवळ निरोगी प्रौढांचे तीन गट पाठवले होते. पहिल्या गटाने बाळाला कुशीत घेतले, खेळवले, दूध पाजले. दुसऱ्या गटाने बाळ खोलीत नसताना त्याचा पाळणा आणि खेळणी हाताळली आणि नंतर स्वतःच्या नाका-डोळ्यांना हात लावला. तिसरा गट पाळण्यापासून सहा फुटांहून थोडा दूर नुसता बसला. कुशीत घेणाऱ्या सात जणांपैकी पाच जणांना आणि वस्तू हाताळणाऱ्या दहा जणांपैकी चार जणांना संसर्ग झाला. नुसते बसलेल्या चौदा जणांपैकी एकालाही झाला नाही. माणसे थोडी होती हे खरे, तरी हा विषाणू मुख्यतः कुशीतून आणि हातातून जातो हे त्यातून कळते. टाळेबंदीने रस्ते तोडले, कुस तोडली नाही, आणि ती तोडायची नसतेही. म्हणून शाळेतून घरी गेलेल्या मुलीने भावाला कडेवर घेण्याआधी साबणाने हात धुवावेत आणि फ्रॉकऐवजी वेगळ्या फडक्याने त्याचे नाक पुसावे. आजीला खोकला असेल त्या आठवड्यात बाळाचा घास तिने फुंकू नये, ताटलीत पसरून निवू द्यावा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तेरवीच्या किंवा लग्नाच्या गर्दीत या हातातून त्या हातात फिरवू नये. दाटीच्या खोलीची खिडकी उघडी ठेवावी, विशेषतः चूल पेटलेली असताना.

पऱ्हाटी

डॉक्टरसाहेब, आमच्या घरी पाच महिन्यांची नात आहे आणि पुढच्या आठवड्यात चुलतभावाकडे तेरवी आहे. सूनबाई लेकरू घेऊन घरीच थांबेल, असे आजच सांगितले. माझ्या मायला ते आवडले नाही, कारण सगळ्या नातेवाइकांना पणती दाखवायची तिची फार इच्छा होती. मी तिला आशाताईंचे श्वास मोजण्याचे वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, “मले बी शिकव.” आज संध्याकाळी नात झोपल्यावर आम्ही दोघांनी मोजून पाहिले. मिनिटाला 38 भरले.

गटप्रवर्तक_धारणी

भाऊ, 38 म्हणजे अगदी ठीक. आजींना सांगा, बाळाला सर्दी झाली की सकाळ-संध्याकाळ मोजायचे आणि आकडा कागदावर लिहून ठेवायचा.

पाटीपेन्सिल

आमच्या शाळेत हात धुण्याचे सहा नळ आहेत. त्यांपैकी चार कोरडे आहेत आणि उरलेले दोन इतक्या उंचीवर आहेत की पहिलीच्या मुलांचा हात पोहोचत नाही, हे आज या दृष्टीने पाहिल्यावर प्रथमच लक्षात आले. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलावली आहे. तोपर्यंत नळाखाली ठेवण्यासाठी गावातल्या सुताराकडून लाकडी पाट मागवला आहे.